शाळांची तुलना : निकष आणि न्याय

दहावीचा निकाल लागला, की शाळांची प्रतवारी सुरू होते. म्हैसूर शहर असो, की तेथून सुमारे ३० किलोमीटरांवर कावेरी-कबिनीच्या संगमाकाठी वसलेले टी. नरसीपूर, शाळेची योग्यता एका टक्केवारीत सांगितली जाते. पालक तिच्यावरून मुलाची शाळा ठरवतात आणि अधिकारी तिच्यावरूनच मुख्याध्यापकांना जाब विचारतात. परंतु ही टक्केवारी शाळेच्या अध्यापनाची, की शाळेत येणाऱ्या मुलांच्या परिस्थितीची?

कर्नाटकातील मोरारजी देसाई निवासी शाळांत सहावीचा प्रवेश परीक्षेतून मिळतो. तालुक्याच्या गावातील सरकारी शाळेला मात्र येईल त्या मुलाला सामावून घ्यावे लागते. त्यात ज्याच्या घरात पूर्वी कोणी शाळेची पायरी चढलेले नाही, असेही मूल असते. या दोन शाळांचे निकाल एका रकान्यात मांडणे ही तुलना नव्हे. शिवाय मापदंडही स्थिर नाही. राज्याचा दहावीचा निकाल २०२३ साली ८३.८९ टक्के होता. २०२४ साली तो ७३.४० टक्क्यांवर आला. सवलतीच्या गुणांची मर्यादा १० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर नेऊनही ही घसरण झाली; कारण त्या वर्षी परीक्षा केंद्रांवर कॅमेऱ्यांची देखरेख आली होती. एका वर्षात शिक्षक बदलले नव्हते, मोजण्याची रीत बदलली होती.

हा वाद जुना आहे. इंग्लंडमध्ये १८६२ च्या सुमारास निकालावर अनुदान देण्याची पद्धत आली, तेव्हा स्वतः शाळा-तपासनीस असलेल्या मॅथ्यू आर्नल्डने तिला विरोध केला. मुंबई इलाख्यातही ती रुजली. १८८२ साली हंटर आयोगापुढील निवेदनात जोतीराव फुले यांनी तिच्या मर्मावरच बोट ठेवले : अशिक्षित व दरिद्री लोकांच्या गरजांना ही पद्धत मुळीच अनुरूप नाही, तिच्यावर पोट भरणार नाही, म्हणून अशा वस्तीत कोणी शिक्षक शाळा काढणार नाही. जिथे काम सर्वांत अवघड, तिथेच मोबदला सर्वांत कमी, हा त्या पद्धतीतील अन्याय होता. आजच्या प्रतवारीत तो वेगळ्या रूपाने शिल्लक आहे.

याचा अर्थ मोजमापच नको, असा नव्हे. निकाल झाकून ठेवल्याने निष्काळजी शाळांचेच फावते, आणि गरीब पालकालाही आपले मूल काय शिकते हे जाणण्याचा हक्क आहे. मात्र शाळेची तुलना तिच्यासारख्या शाळांशी आणि तिच्याच पूर्वस्थितीशी व्हावी. आठवीत आलेल्यांपैकी किती मुले दहावीपर्यंत टिकली? मूल कोठून निघाले व कोठवर पोहोचले? अपरिचित उतारा वाचून त्याचा आशय त्याला स्वतःच्या शब्दांत सांगता येतो का? २०२४ च्या परीक्षेत ६२५ पैकी १२५ गुण प्रथम भाषेला होते. तरीही या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर टक्केवारीतून मिळत नाही.

कन्नड वचन आणि मराठी अभंग यांना गुण देऊन क्रमांक लावण्याचे धाडस साहित्याचा कोणताही अभ्यासक करणार नाही. परंपरा, श्रोता आणि प्रयोजन यांचा विचार तो आधी करील. शाळांच्या बाबतीत हा विवेक सुटतो, तेव्हा त्याची किंमत मुले मोजतात. यादीत खाली गेलेल्या शाळेतून ऐपतदारांची मुले निघून जातात, मागे ज्यांना दुसरा पर्याय नाही ती उरतात, आणि पुढल्या वर्षीचा घसरलेला निकाल त्याच शाळेविरुद्ध पुरावा म्हणून पुढे केला जातो.