टीडीएस मीटरला न दिसणारं पाणी

नवं कॉलेज, नवं शहर, चौघांत मिळून घेतलेला फ्लॅट. पहिल्याच आठवड्यात ग्रुपवर मेसेज पडतो, 'इथल्या पाण्यानं केस गळायला लागले यार!' पाठोपाठ बादलीवरच्या पांढऱ्या थराचा फोटो. मग शॉवरला फिल्टर लागतो, पिण्यासाठी वीस लिटरचा जार सुरू होतो आणि कोणीतरी ऑनलाइन टीडीएस मीटर मागवतो. नळाचं पाणी ६००, जारचं ४०. निकाल लागला, जार जिंकला!

थांबा. हा निकाल ज्या आकड्यावर लागला, तो आकडा नेमकं काय सांगतो ते आधी बघू. कारण पाण्याच्या बाबतीत आपण घाबरतो एका गोष्टीला आणि आजारी पडतो भलत्याच गोष्टीनं.

पांढऱ्या थरापासून सुरुवात करू. शाळेत 'दुष्फेन पाणी' शिकलो होतो, आठवतंय? साबणाला फेस न येणारं पाणी. घरी आई त्यालाच 'जड पाणी' म्हणते, कारण त्यात डाळ लवकर शिजत नाही. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. पाणी तापलं की त्यातले काही क्षार खाली बसतात आणि गीझरच्या कॉइलवर, किटलीच्या तळाला पुटं चढतात. अशा पाण्यात साबणाचा चिकट साका केसांवर राहतो, केस राठ होतात. वैताग येतो हे खरं. पण जड पाण्यामुळे टक्कल पडतं, याला ठोस पुरावा नाही.

एक शहर, दोन पाणी

पुण्याचंच बघा. सह्याद्रीवर पडलेला पाऊस टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला या धरणांत साठतो. हे पाणी खडकाच्या पोटात फारसं मुरलेलं नसतं, त्यामुळे त्यात क्षार कमी. म्हणजे महापालिकेच्या नळाला येणारं धरणाचं पाणी मुळात हलकं. बोअरचं पाणी मात्र बेसॉल्टच्या भेगांतून झिरपत, बराच काळ खडकात मुरत राहतं. येताना क्षार सोबत घेऊनच येतं.

आता हिशोब लावा. पुण्यात राहून तुमच्या बादलीवर पांढरा थर साचतोय, याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच की तुमच्या सोसायटीपर्यंत धरणाचं पाणी पोचलेलं नाही किंवा पुरेसं पोचत नाही. बोअर आणि टँकरवर भागतंय. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली. इमारती आल्या, पीजी आले, कॉलेजं तर होतीच. पाण्याची लाइन मात्र सगळीकडे त्या वेगानं आली नाही. तुमच्या बाथरूममधला तो थर म्हणजे शहराच्या नियोजनाचं प्रगतिपुस्तक आहे म्हणा ना!

सूट कशाला आहे, कशाला नाही

पिण्याच्या पाण्यासाठी आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोचं 'आयएस १०५००' हे मानक आहे. त्यानुसार कठीणपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतो. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, ५०० पर्यंत असावेत. दुसरा पर्याय नसेल तर २००० पर्यंत मुभा आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं तर कठीणपणासाठी आरोग्याच्या कारणानं मर्यादाच ठरवलेली नाही.

त्याच मानकात ई-कोलाय जिवाणूबद्दल काय म्हटलंय? १०० मिलिलिटर पाण्यात एकही सापडता कामा नये. तिथं 'पर्याय नसेल तर' अशी सूट नाही. ई-कोलाय सापडला याचा अर्थ पाण्यात कुठून तरी मैला मिसळतोय.

आणि इथंच आपला लाडका टीडीएस मीटर गप्प बसतो. तो पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज देतो. जंतू त्याला दिसत नाहीत. मीटरवर ४० दाखवणाऱ्या जारमध्ये जंतू असू शकतात आणि ६०० दाखवणारं पाणी जंतूंच्या बाबतीत सुरक्षित असू शकतं.

हे नुसतं थिअरीतलं बोलणं नाही. जानेवारी २०२५ आठवा. सिंहगड रस्ता परिसरात, नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या भागांत 'जीबीएस'चे, म्हणजे गुलियन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण वाढू लागले. आधी जुलाब-उलट्या, मग हातापायांतलं बळ जाणं, काहींना थेट व्हेंटिलेटर. संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला, काहींचा मृत्यू झाला. यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच मज्जातंतूंवर उलटते. बऱ्याचदा आधी पोटाचा संसर्ग झालेला असतो. पुण्यात काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडले आणि संशयाची सुई पाण्याकडे वळली. विहिरी, टँकर तपासले गेले. जार भरून देणाऱ्या खासगी आरओ केंद्रांवरही कारवाई झाली.

म्हणजे धरणाच्या पायथ्याशी राहणाऱ्या लोकांवर पाणी उकळून प्या असं सांगायची वेळ आली.

आरओच्या पाण्यात जंतू कसे, असं तुम्हाला वाटेल. उत्तर सोपं आहे. आरओच्या पडद्याला क्लोरिन सोसत नाही, म्हणून बहुतेक यंत्रांत तो आधीच कार्बन फिल्टरनं काढून टाकतात. यंत्रातून निघालेलं पाणी स्वच्छ असलं तरी त्याला पुढचं संरक्षण उरत नाही. मग टाकी घाण असेल, जार नीट धुतलेला नसेल, नळी जमिनीवर लोळत असेल तर जंतूंना रान मोकळं. नळाच्या पाण्याला येणारा तो क्लोरिनचा हलका वास आपल्याला नको असतो. खरं तर तोच राखणदार असतो. त्याची मात्रा लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावी, असं मानक सांगतं.

याचा अर्थ आरओ नेहमीच फालतू, असं नाही. बोअरच्या पाण्यात फ्लोराइड, नायट्रेट किंवा क्षार मर्यादेबाहेर असतील तर त्याची गरज पडते. पण ते प्रयोगशाळेतल्या तपासणीत कळतं. मीटरवरच्या एका आकड्यावरून नाही. हलक्या पाण्याला आरओ लावून बादलीभर पाणी मोरीत सोडणं हा नुसता अपव्यय आहे. म्हणूनच राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्ये टीडीएस ५०० च्या खाली असेल तिथं आरओ नको, अशी भूमिका घेतली होती.

मग करायचं काय?

पहिलं, घरमालकाला किंवा सोसायटीला विचारा: पाणी कुठलं? लाइनचं, बोअरचं की टँकरचं? टाकी शेवटची कधी धुतली? दुसरं, क्लोरिन तपासा. ग्रामपंचायतीचे कर्मचारी पाण्यात ओटी द्रावणाचे थेंब टाकतात आणि पिवळा रंग येतो का बघतात, तीच ही 'ओटी टेस्ट'. केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये सरांच्या देखरेखीखाली होण्यासारखी आहे. तिसरं, बोअरचं पाणी पीत असाल तर वर्षातून निदान एकदा प्रयोगशाळेत तपासून घ्या, पावसाळ्यानंतर तर नक्कीच. आणि शंका असेल तेव्हा पाणी खळखळून उकळा. जंतूंवर हा भरवशाचा उपाय आहे.

पण खरी गोष्ट यापुढची आहे. कठीणपणाचा त्रास पैसे टाकून आपापल्यापुरता मिटवता येतो. फिल्टर घ्या, जार लावा, विषय संपला. जंतूंचा प्रश्न तसा मिटत नाही. त्यासाठी शुद्धीकरण केंद्र लागतं, न गळणारी पाइपलाइन लागते, रोज क्लोरिन मोजणारा माणूस लागतो आणि त्याला जाब विचारणारा कोणीतरी लागतो. तो उद्रेक झाला तेव्हा पुणे महापालिकेत जाब विचारायला नगरसेवकच नव्हते. आधीच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्येच संपली होती.

आपण प्रत्येकानं जारवर भागवायचं ठरवलं की नळाबद्दल भांडायला कोणी उरत नाही. पीजीत चार वर्षं काढून तुम्ही निघून जाल. तिथल्या चाळीत, वस्तीत राहणाऱ्यांना मात्र तेच पाणी कायम प्यायचंय आणि रोजचा जार त्यांना परवडणारा नाही. तेव्हा पुढच्या वेळी वॉर्ड ऑफिसला किंवा मतं मागायला दारात आलेल्या उमेदवाराला 'आमच्या पाण्याचा टीडीएस किती?' असं विचारू नका. विचारा, 'आमच्या नळाला क्लोरिन किती येतो आणि शेवटचा कधी मोजला?'