निष्ठेचा एकतर्फी करार

क्रीडासंघांच्या मालकांना खेळाडूच्या निष्ठेविषयी मोठा जिव्हाळा असतो. खेळाडूने संघाच्या लौकिकापायी शरीर झिजवावे आणि मालकाने मात्र बाजारभाव पाहावा, हा या निष्ठेचा व्यवहारातील अर्थ. अमेरिकेतील जिम ब्राऊन याची कारकीर्द या दांभिकतेचा ढळढळीत पुरावा आहे.

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू काखेत धरून प्रतिपक्षाच्या रांगेवर तुटून पडणाऱ्या गड्याला रनिंग बॅक म्हणतात. जॉर्जिया राज्यात १९३६ साली जन्मलेल्या या कृष्णवर्णीय मुलाची आई परक्यांच्या घरी घरकाम करीत असे. १९५७ ते १९६५ या नऊ हंगामांत क्लीव्हलँडच्या संघासाठी तो एकही सामना न चुकवता १२,३१२ यार्ड धावला. हा उच्चांक १९८४ पर्यंत अबाधित होता. नऊपैकी आठ हंगामांत तो त्या खेळातील अग्रणी ठरला. १९६४ चे अजिंक्यपदही त्याच्या संघाने पटकावले.

१९६६ च्या उन्हाळ्यात ‘द डर्टी डझन’ या चित्रपटाचे इंग्लंडमधील चित्रीकरण लांबले आणि ब्राऊनला सरावशिबिरास वेळेवर पोहोचणे अशक्य झाले. संघाचे मालक आर्ट मॉडेल यांनी दंडाचा बडगा उगारला. नऊ वर्षांची अखंड चाकरी जमेस धरण्याची त्यांना गरज वाटली नाही. ब्राऊनने तिथूनच निवृत्ती जाहीर केली. तेव्हा तो अवघा तीस वर्षांचा होता आणि त्याचा खेळ ऐन भरात होता.

कराराचे पावित्र्य सांगणारे येथे विचारतील : नियम मोडणाऱ्याला दंड नको काय? प्रश्न असा की, तो नियम केला कोणी? दुसऱ्या संघाकडे मोकळेपणी जाण्याची वाट त्या काळी खेळाडूला जवळजवळ बंद होती. मुकाट्याने राबा, नाहीतर धंदा सोडा, एवढेच स्वातंत्र्य त्याला होते. याच मॉडेल यांनी १९९५ मध्ये आपला संघच क्लीव्हलँडमधून उचलून बाल्टिमोरला नेण्याची घोषणा केली, कारण तेथे सरकारी खर्चाने नवे स्टेडियम मिळणार होते. खेळाडू काही दिवस गैरहजर राहिला तर बेशिस्त, आणि मालकाने अख्ख्या शहराकडे पाठ फिरवली तर तो व्यवहार!

तथापि ब्राऊनची मूर्ती करून पूजण्याचे कारण नाही. युद्धावर जाण्यास नकार देणाऱ्या मुहम्मद अलीच्या पाठीशी त्याने १९६७ साली नामवंत कृष्णवर्णीय खेळाडू उभे केले, हे मोलाचेच. पण स्त्रियांवरील हिंसाचाराचे आरोप त्याच्यावर वारंवार झाले, आणि पत्नीच्या मोटारीची नासधूस केल्याबद्दल १९९९ मध्ये न्यायालयाने त्याला दोषी ठरविले. मालकाच्या अरेरावीविरुद्ध ताठ उभा राहणारा माणूस घरात न्यायी असतोच असे नाही, हे पुरोगाम्यांनीही ध्यानात ठेवावे. कृष्णवर्णीयांनी स्वतःचे उद्योग उभारावेत हा त्याचा आर्थिक कार्यक्रमही अपुरा होता. मालकाच्या कातडीचा रंग बदलला म्हणून मजुरीचे नाते बदलत नाही.

खरी मेख पुढेच आहे. ब्राऊन नकार देऊ शकला, कारण चित्रपटांत त्याची दुसरी भाकरी तयार होती. ज्यांना ती नव्हती, त्यांना संघटनेवाचून तरणोपाय नव्हता. १९८७ मध्ये खेळाडूंनी संप केला, तेव्हा मालकांनी बदली गडी उतरवून तो मोडून काढला. संघटना मात्र खचली नाही, न्यायालयात लढत राहिली. १९९२ मध्ये फ्रीमन मॅकनील या दुसऱ्या एका रनिंग बॅकच्या नावे चाललेल्या खटल्यात ज्यूरीने खेळाडूंच्या बाजूने कौल दिला आणि १९९३ च्या तडजोडीने संघ बदलण्याचा हक्क त्यांच्या पदरात पडला. त्याची किंमत म्हणून मालकांनी एकूण वेतनखर्चावर कमाल मर्यादा लादून घेतली, हेही विसरता कामा नये.

२०२३ मध्ये ब्राऊन निवर्तला, तेव्हा त्याच्या यार्डांचा हिशेब पुन्हा मांडला गेला. श्रमिकांनी मांडावयाचा हिशेब निराळा आहे. एकट्याचा बाणेदार नकार त्या एकट्यालाच मुक्त करतो. सर्वांचा हक्क मात्र संघटित लढ्यानेच मिळतो, आणि तोही राखण्यासाठी लढा चालूच ठेवावा लागतो.