किंमत घटवल्याने कन्सोल वाचतो का?

१/ अडखळलेला व्हिडिओ गेम कन्सोल स्वस्त केला की सावरतो, हा समज इतिहासप्रेमींमध्ये घट्ट रुजला आहे. पुरावा म्हणून निन्टेंडो ३डीएसचे नाव घेतले जाते. तोच पुरावा तपासला, तर हा समज टिकत नाही. #थ्रेड

२/ ३डीएस फेब्रुवारी २०११ मध्ये जपानमध्ये २५,००० येनला आला. खप मंदावल्याने ११ ऑगस्टला त्याची किंमत १५,००० येन झाली. सहा महिन्यांत ४० टक्के कपात! खप वाढला, हे खरेच.

३/ पण त्याच वर्षी नोव्हेंबरात ‘सुपर मारिओ ३डी लँड’ आणि डिसेंबरात ‘मारिओ कार्ट ७’ आले. कपातीने गिऱ्हाईक दुकानापर्यंत आणले. त्याला टिकवले खेळांनी. शिवाय कपातीनंतर हे यंत्र काही काळ तोट्यात विकावे लागले. तो भार सोसण्याची ऐपत निन्टेंडोकडे होती.

४/ सेगाकडे ती नव्हती. ड्रीमकास्ट ९ सप्टेंबर १९९९ रोजी अमेरिकेत १९९ डॉलरना आला. वर्षभरात किंमत १४९ डॉलरवर उतरली. ३१ जानेवारी २००१ रोजी सेगाने उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले. मग ९९ डॉलरचा भाव लागला, तो केवळ उरलेला माल खपवण्यासाठी.

५/ त्याला हरवणारा प्लेस्टेशन २ ऑक्टोबर २००० मध्ये अमेरिकेत २९९ डॉलरना आला होता, म्हणजे ड्रीमकास्टच्या दुप्पट किमतीला. लोकांनी महाग यंत्र निवडले, कारण त्यावर डीव्हीडी चालत, जुन्या प्लेस्टेशनचे खेळ चालत आणि पुढे येणाऱ्या खेळांची खात्री वाटे. ड्रीमकास्टसाठी इलेक्ट्रॉनिक आर्ट्ससारख्या बड्या कंपनीने एकही खेळ काढला नव्हता.

६/ निन्टेंडोलाही हे औषध दुसऱ्यांदा लागू पडले नाही. २०१३ मध्ये वी यूची किंमत ३५० वरून ३०० डॉलर झाली. तरीही अखेरपर्यंत खप सुमारे १.३५ कोटींवरच अडला.

७/ येथे आक्षेप येतो: श्रीमंत देशांचे सोडा, बीडसारख्या जिल्ह्यात तर किंमतच निर्णायक! १९९०च्या दशकात शॉ वॉलेसने भारतात आणलेला सेगाचा मेगा ड्राइव्ह १८,००० रुपयांना होता. बीड, परळी, अंबाजोगाईच्या सामान्य घराला तो परवडणे अशक्यच. घराघरांत शिरली ती निन्टेंडोची नक्कल करणारी स्वस्त यंत्रे.

८/ आक्षेप वजनदार आहे, पण अपुरा. यंत्राचे पैसे एकदाच मोजावे लागतात, खेळांचे दरवेळी. नकली यंत्राच्या एकाच ‘कॅसेट’मध्ये अनेक खेळ असत आणि ती कॅसेट मित्रांत फिरे. मेगा ड्राइव्ह निम्म्या किमतीत दिला असता, तरी प्रत्येक खेळाचा वेगळा खर्च उरलाच असता.

९/ शिवाय परळीत औष्णिक वीजकेंद्र असूनही जिल्ह्याच्या वाट्याला भारनियमन आले. दूरचित्रवाणी संच आणि वीज, दोन्ही हवी असणाऱ्या यंत्राची ही अडचण कोणतीही सवलत दूर करत नव्हती.

१०/ किंमतकपात म्हणजे विकत घेतलेली मुदत. त्या मुदतीत चांगले खेळ आले, तर यंत्र तरते. न आले, तर ते फक्त स्वस्तात बुडते. साऱ्या यशाचे श्रेय कपातीला देणारा इतिहास खेळ घडवणाऱ्यांचे श्रम पुसतो आणि खेळ न पुरवणाऱ्या व्यवस्थापनाला दोषमुक्त करतो. म्हणून पुढे कोणी ‘स्वस्त केले आणि वाचले’ असे सांगितले, की कपातीनंतरच्या सहा महिन्यांत कोणते खेळ आले, हे आधी पाहावे.