झिजलेली गिअरपेटी : ठिगळ कीं पुरती दुरुस्ती ?

माळेगांवच्या यात्रेंत लाल कंधारी बैल घेतांना आमचा शेतकरी त्याचें तोंड उघडून दांत पाहिल्यावांचून सौदा करीत नाहीं. तो खूर पाहतो, चाल पाहतो आणि मगच रुमालाखालीं हात घालून किंमत ठरवितो. हीच चोखंदळ दृष्टि त्याच्या अंगणांतील पिकअप गाडीच्या बाबतींत कोठें जाते, हें आम्हांस कळत नाहीं. गाडीसही दांत आहेत. ते गिअरपेटींत झांकलेले असतात इतकेंच. आणि ते झिजल्याचें ऐन सुगींत, सोयाबीनचीं पोतीं लादलेली गाडी चढावर अडली म्हणजे कळतें.

कंधारास रेल्वे नाहीं. नांदेडच्या किंवा लातूरच्या बाजारांत माल न्यावयाचा तो रस्त्यानेंच. बालाघाटाचे चढउतार, शेताकडील खडबडीत वाटा आणि क्षमतेबाहेर ओझें लादण्याची संवय यांमुळें गाडीस खालच्या गिअरांत फार वेळ काढावा लागतो. पहिल्या गिअरांत इंजिनाच्या साधारण ४ फेऱ्यांमागें पेटीबाहेर पडणाऱ्या शाफ्टाची १ फेरी होते. वेग घटतो व जोर वाढतो. तो सारा जोर मूठभर दांत्यांनीं व बेअरिंगांनीं सोसावयाचा असतो.

पूर्वी गिअर बदलतांना फिरत्या चक्रांचा वेग जुळविण्याचें कसब चालकाच्या अंगीं असावें लागे. १९२८ सालीं अमेरिकेंतील कॅडिलॅक मोटारींत हें काम पेटीकडेच सोंपविण्याची युक्ति आली. आजच्या पेटींत एक रिंग, बहुधा पितळी, गिअरच्या निमुळत्या भागावर घासून दोहोंचा वेग सारखा करते आणि मग दांते एकमेकांत बसतात. घासणें हेंच तिचें काम. सबब ती झिजावयाचीच.

गाडी आपलें दुखणें आधींच सांगत असते. सर्वच गिअर जड पडत असतील तर प्रथम क्लच तपासावा. पेटी उघडण्याची घाई करूं नये. एकाच गिअरास खरखर होत असेल तर बहुधा त्याची रिंग गेली. न्यूट्रलमध्यें घरघर होऊन क्लच दाबतांच ती थांबत असेल, तर इंजिनाकडून येणाऱ्या शाफ्टाच्या बेअरिंगाचा संशय घ्यावा. गिअर आपोआप निसटत असेल तर दांत्यांच्या कडा गोल झाल्या असतील, फोर्क झिजला असेल किंवा स्प्रिंग मऊ पडली असेल. काढलेलें तेलही पाहावें. चुंबकास लागणारी बारीक करडी भुकटी नेहमींचीच. पिवळी चमक दिसली तर रिंगा झिजत आहेत, आणि लोखंडाचे तुकडे निघाले तर गाडी त्याच दिवशीं उभी करावी.

अशा वेळीं तीन सल्ले मिळतात : जाड तेल ओता, तुटलेला तेवढा गिअर बदला, किंवा गाडी विकून कर्जानें नवी घ्या. जाड तेलानें आवाज दबतो, झीज थांबत नाहीं. ढिलें बेअरिंग तसेंच ठेविलें तर शाफ्ट कलता राहतो, नव्या गिअरचे दांते एका कडेवरच घासतात आणि वर्षाच्या आंत तोच खर्च पुन्हां दारीं येतो. नव्या कर्जाचा हप्ता तर पाऊस पडो न पडो, ठरल्या दिवशीं मागणें करितो.

आमच्या मतें पेटी एकदां उतरविली कीं पुरतीच दुरुस्त करावी. गाडीखालून ती काढण्याची मजुरी एका बेअरिंगास जितकी पडते तितकीच सर्वांस पडते. बेअरिंगें, रिंगा व सीलें एकदमच बदलावीं. एकमेकांत फिरणारे गिअर शक्य तों जोडीनें घ्यावे. रिंग हातानें गिअरवर दाबून मधली फट फीलर गेजनें मोजावी व उत्पादकाच्या पुस्तकांतील मापाशीं ताडावी. तेलही त्याच पुस्तकाप्रमाणें घालावें. जीएल-४ सांगितलें असतां मागील धुरीचें जीएल-५ ओतल्यास त्यांतील गंधकयुक्त द्रव्यें पितळेस बाधूं शकतात. मात्र पेटीचें कवचच तडकलें असेल किंवा बहुतेक गिअर गेले असतील, तर हट्ट न धरतां दुसरी तपासलेली पेटी बसवावी.

यावर आमचे मिस्त्री म्हणतील कीं मापाचीं साधनें आहेत कोणाजवळ ? हा आक्षेप खरा आहे, आणि आमचें मुख्य मागणें येथेंच आहे. ज्या गांवीं सोसायटी किंवा शेतकरी उत्पादक कंपनी अवजार बँक चालविते, तेथें नांगर-पेरणीयंत्रांच्या जोडीस एक बेअरिंग पुलर, एक लहान प्रेस, फीलर व डायल गेज आणि दुरुस्तीचें पुस्तक ठेवावें. हीं साधनें एकट्यास जड आहेत. शंभर सभासदांस नाहींत.

मृगापूर्वी आपण पाभर-कुळव सुताराकडे नेतों. त्याच सुमारास गाडीही तपासून घ्यावी. पेटी उघडेल त्या दिवशीं मालकानें मिस्त्र्याजवळ बसावें आणि प्रत्येक दांता स्वतः पाहावा. बैलाचे दांत पाहणाऱ्यास हें कठीण जाऊं नये.