रक्तगटाच्या कार्डावरून बाप ठरत नाही

गावोगाव रक्तदान शिबिरे होऊ लागली, शाळेच्या ओळखपत्रावर मुलांचा रक्तगट छापून येऊ लागला, हे चांगलेच झाले. पण त्याबरोबर एक नवे दुखणेही काही घरांत शिरले आहे. मुलाच्या कार्डावर एक गट, आईबापांच्या कार्डांवर दुसरेच गट. शेजारचा कोणी अर्धवट शहाणा सांगतो, "असं कसं होईल?" आणि तेवढ्या एका वाक्याने दहा वर्षांचा संसार डळमळू लागतो. बारामती-इंदापूर भागातील डॉक्टरांना हा प्रश्न नवा नाही. तो चारचौघांत विचारला जात नाही, एवढेच. नवरा दवाखान्यात एकटा येतो, इतर पेशंट जाईपर्यंत थांबतो आणि मग खालच्या आवाजात विचारतो, "डॉक्टर, ती डीएनए टेस्ट कुठं होते?"

टेस्टचे नंतर पाहू. आधी रक्तगटाचे बघू, कारण पुष्कळदा संशयाचे मूळ तिथेच असते.

बाप 'ए', आई 'बी' आणि मूल 'ओ' असेल, तर त्यात काहीही वावगे नाही. अशा जोडप्याला चारपैकी कोणत्याही गटाचे मूल होऊ शकते. आईबाप दोघेही आरएच पॉझिटिव्ह आणि मूल निगेटिव्ह, हेही अगदी नेहमीचे. आईबाप दोघेही 'ओ' असताना मूल 'ए' किंवा 'बी' निघाले, तर मात्र सहसा तसे होत नाही हे खरे. पण 'सहसा' हा शब्द वाचकांनी नीट लक्षात ठेवावा. पहिली शंका कार्डाची घ्यावी. शिबिराच्या गर्दीत काचपट्टीवर घाईने केलेली तपासणी चुकते, नावांची अदलाबदलही होते.

दुसरी गोष्ट आपल्या महाराष्ट्राशीच निगडित आहे. १९५२ साली मुंबईत डॉ. य. मा. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक निराळाच रक्तगट शोधून काढला. जगभर तो 'बॉम्बे ब्लड ग्रुप' या नावाने ओळखला जातो. ए आणि बी हे घटक 'एच' नावाच्या पायावर उभे राहतात. काही माणसांत हा पायाच नसतो. त्यांच्या जनुकांत 'बी' असला तरी तो रक्तात दिसत नाही आणि साध्या तपासणीत गट 'ओ' येतो. जोडीदाराकडून मुलाला 'एच'चा पाया मिळाला की लपलेला 'बी' मुलात प्रकट होतो. असे लोक आपल्याकडे थोडे, सुमारे दहा हजारांत एक. पण ते आहेत, आणि त्यांच्या बायकांनी काहीही पाप केलेले नसते.

संशयाचे दुसरे कारण म्हणजे दिवसांचा हिशेब. नवरा फौजेत, ट्रकवर किंवा परगावी नोकरीला. सुट्टीवरून परतल्याचे दिवस बोटांवर मोजले जातात आणि सोनोग्राफीतले आठवडे त्यांच्याशी जुळत नाहीत. डॉक्टर गर्भाचे वय शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. गर्भधारणा होते साधारण दोन आठवड्यांनंतर. म्हणजे रिपोर्टात १२ आठवडे लिहिले असले, तर गर्भ राहून १० आठवडेच झालेले असतात. शिवाय शेवटच्या महिन्यांतली पहिलीच सोनोग्राफी असेल, तर अंदाज दोन-तीन आठवड्यांनी सहज चुकतो. रंग आणि चेहरेपट्टीवरून बाप ठरवणाऱ्यांविषयी तर न बोललेलेच बरे.

आता डीएनए तपासणी. आपल्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, २३ आईकडून आणि २३ बापाकडून. या लांबलचक साखळीत काही ठरावीक जागी एकच छोटा तुकडा पुन्हा पुन्हा येतो, माळेत एकाच नक्षीचे मणी ओवावेत तसा. तो किती वेळा येतो, हे माणसागणिक बदलते. प्रयोगशाळा अशा पंधरा-वीस किंवा त्याहून अधिक जागा तपासते. प्रत्येक जागेचे दोन आकडे मिळतात. समजा, एका जागी मुलाचे आकडे १४ आणि १७ आहेत, आईचे १४ आणि १५. म्हणजे १४ आईकडून आला. १७ बापाकडूनच यायला हवा. त्या पुरुषाचे आकडे १२ आणि १६ असतील, तर तिथे मेळ बसत नाही. (जातिवंत वळूच्या वंशावळीची खात्री करण्यासाठीही ही पद्धत वापरतात. फरक इतकाच की वळूच्या रिपोर्टाने कोणाचे घर मोडत नाही.)

एका जागी मेळ बसला नाही म्हणून प्रयोगशाळा लगेच नकार देत नाही. पिढी बदलताना क्वचित एखादा आकडा आपोआप बदलतो. अनेक जागी विसंगती आली की मगच 'हा पिता नाही' असा निष्कर्ष निघतो आणि तो ठाम असतो. सर्व जागी मेळ बसला, तर रिपोर्टात १०० टक्के असे न लिहिता ९९.९९ टक्के किंवा त्याहून जास्त असे लिहितात. उरलेल्या अंशावर बोट ठेवून भांडणारे लोक असतात. त्या आकड्याचा अर्थ असा, की कोणी अनोळखी पुरुष बाप असता तर हे आकडे जुळण्याचा जितका संभव होता, त्याच्या दहा हजार पट संभव हा पुरुष बाप मानल्यास आहे. जगातल्या प्रत्येक पुरुषाची तपासणी होत नसल्याने शंभर लिहिता येत नाही, इतकेच.

मात्र 'अनोळखी' हा शब्द महत्त्वाचा. संशय सख्ख्या भावावर असेल, तर ते प्रयोगशाळेला आधी सांगावे लागते. भावाभावांचे बरेच आकडे सारखे असतात. जुळ्या एकरूप भावांत तर नेहमीच्या तपासणीने फरक करता येत नाही. अस्थिमज्जा रोपण झालेल्या माणसाच्या रक्तात दात्याचा डीएनए सापडतो. आणि न्हाव्याने कापलेले केस पाकिटात घालून पाठवणाऱ्यांनी जाणावे, की मुळाशिवायचा केस या कामी उपयोगी नाही.

खरा कच्चा दुवा यंत्रात नसून नमुन्यात असतो. मे २०२४ मधील पुण्याच्या कल्याणीनगर अपघातात ससूनमध्ये घेतलेला मुलाच्या रक्ताचा नमुना बदलल्याचा आरोप झाला. दुसरा नमुना वडिलांच्या डीएनएशी जुळला, पहिला जुळला नाही, असे पोलिसांनी सांगितले. म्हणूनच न्यायालयीन तपासणीत ओळखपत्र, फोटो, अंगठा, साक्षीदार आणि सीलबंद कुपी यांचा आग्रह असतो. घरी मागवलेल्या पुडक्यातून गालाच्या आतला कापूस गुपचूप पाठवला, तर तो कोणाचा याचा पुरावाच नसतो. अशा रिपोर्टावर घर मोडते, पण खटला उभा राहत नाही. आणि पोटातल्या बाळाची अशी तपासणी तर मागूच नये. गर्भावर कोणत्या कारणासाठी चाचणी करता येते याची यादी १९९४ च्या गर्भलिंग निदानविरोधी कायद्यात आहे आणि पितृत्व त्यात नाही.

कायदा काय म्हणतो? लग्न टिकून असताना जन्मलेले मूल नवऱ्याचेच, असे १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम ११२ म्हणत असे. १ जुलै २०२४ पासून तीच तरतूद भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ११६ मध्ये आहे. त्या काळात पतिपत्नींचा संबंध येणे शक्यच नव्हते, हे दाखवावे लागते. २०१४ साली विदर्भातील एका दांपत्याच्या खटल्यात डीएनए दोनदा विरुद्ध आला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने विज्ञानाला झुकते माप दिले आणि नवऱ्याला मुलीच्या पोटगीतून मोकळे केले. २०२३ साली मात्र पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयाचा तपासणीचा आदेश त्याच सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. पत्नीवर आरोप असेल तर तो इतर पुराव्याने सिद्ध करा, दाव्यात पक्षकारही नसलेल्या मुलाला त्यासाठी वेठीस धरू नका, असा त्याचा आशय. मला हा दुसरा निकाल अधिक शहाणपणाचा वाटतो. आठ-दहा वर्षे ज्याने बोट धरून शाळेत नेले, त्याने एका सकाळी "हा माझा नाही" म्हणावे, हे ओझे त्या पोराने कोणत्या खांद्यावर घ्यायचे? संशयी नवऱ्याला मी एवढेच विचारतो, की रिपोर्ट आला तर त्याचे तू काय करणार? याचे उत्तर फार थोड्यांकडे असते.

याचा अर्थ तपासणी वाईट, असा नाही. ती ज्यांना खरोखर हवी, ते बहुधा दवाखान्यात येतच नाहीत. लग्नाचे वचन देऊन फसवलेली मुलगी, मूल नाकारून निघून गेलेल्या पुरुषाची वाट पाहणारी बाई, हे त्यातले. १९८९ मध्ये केरळातील तेल्लीचेरीच्या न्यायालयात हैदराबादच्या डॉ. लालजी सिंग यांच्या तपासणीने अशाच एका मुलाचा बाप ठरला होता. २०१२ मध्ये तर माजी मुख्यमंत्री नारायण दत्त तिवारी यांनाही न्यायालयाच्या आदेशाने रक्त द्यावे लागले आणि रोहित शेखर यांचे म्हणणे खरे ठरले. विवाहबाह्य मुलालाही पोटगीचा हक्क आहे. तो मागायला बारामती किंवा इंदापूरच्या न्यायालयात अर्ज करता येतो आणि तपासणीची विनंती तिथेच न्यायाधीशांपुढे करायची असते. वकील परवडत नसेल, तर तालुका विधी सेवा समिती महिलांना आणि मुलांना विनामूल्य वकील देते.