चेंडूला विटाळ नाही, चहाला मात्र आहे!

ज्याने राबावे त्याने मान मागू नये, आणि ज्याला मान मिळतो त्याने राबू नये, असा आमच्या देशात एक जुना कायदा आहे. तो कोणत्याही सरकारी पुस्तकात छापलेला नाही; पण त्याची अंमलबजावणी सरकारी कायद्याहून कडक होते. आमचे वाचक शेतकरी, सुतार, लोहार, कुंभार, तेली, माळी, चर्मकार, मातंग, बंजारा अशा कष्टकरी घरांतले आहेत. चावडीवर आणि देवळात हा कायदा कसा चालतो, हे त्यांस आम्ही शिकवावे असे नाही. तो खेळाच्या मैदानावर कसा चालला, एवढेच आज सांगावयाचे आहे. खेळात धावा मोजता येतात, बळी मोजता येतात; कोण श्रेष्ठ आणि कोण कनिष्ठ हे पोथी उघडून पाहावे लागत नाही. तेथेही जर लायकीवर जातीने मात केली, तर ‘आम्ही गुण पाहतो, जात पाहत नाही’ या गोड बोलण्याची खरी किंमत काय, ते आपोआप कळून येते.

बाळू पालवणकर हे नाव आमच्या किती वाचकांस ठाऊक असेल, याची शंकाच आहे. क्रिकेटच्या खेळाडूंची नावे आज पोराटोरांच्या तोंडी असतात, पण हे नाव शाळेच्या पुस्तकांतून क्वचितच भेटते. चर्मकार समाजात १८७६ साली धारवाडास जन्मलेला हा मुलगा पुण्यात पारशी लोकांच्या क्रिकेट मैदानावर झाडलोट करी आणि खेळपट्टीची निगा राखी. महिना पगार रुपये ३. पुढे १८९२ च्या सुमारास गोऱ्या साहेबांच्या जिमखान्यात रुपये ४ पगारावर लागला. तेथे जाळी ठोकावी, रेघा आखाव्या, रोलर ओढावा, आणि साहेबांस फलंदाजीचा सराव व्हावा म्हणून तासन्‌तास चेंडू टाकावा, हे त्याचे काम. असा चेंडू टाकता टाकता तो डावखुरा फिरकी गोलंदाज इतका तयार झाला की साहेबलोकांस त्याच्यापुढे उभे राहणे जड जाऊ लागले. पण येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. साहेबांनी त्याच्याकडून चेंडू हजारो वेळा टाकून घेतला. बॅट मात्र त्याच्या हाती दिली नाही. चेंडू टाकणे हे राबणाऱ्याचे काम आणि बॅट धरणे हे मालकाचे, अशी त्यांची वाटणी होती. गोरे साहेबही या बाबतीत आमच्या भटजींचेच भाऊ निघाले.

पुढे पुण्याच्या हिंदूंच्या क्लबास गोऱ्यांशी सामना जिंकावयाचा होता. बाळू संघात घ्यावा की नाही यावर आत वाद झाला. काही तेलुगू सभासदांनी त्यांची बाजू घेतली, ब्राह्मण सभासदांनी विरोध केला. शेवटी जिंकण्याची गरज मोठी ठरली आणि बाळू संघात आले. मैदानावर सर्वांनी तोच चेंडू हाताळला, कोणास विटाळ झाला नाही. पण चहाची वेळ झाली की इतर मंडळी आत बसत आणि बाळूंना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाचे ताटही वेगळे. चेंडू हाती घ्यावा तर तो बाळूंच्या तळहाताच्या घामाने ओला झालेला. पण चहाची कपबशी तेवढी शुद्ध राहिली पाहिजे! आमच्याकडे ‘कामापुरता मामा’ म्हणतात, ते याच रीतीला.

न्यायमूर्ती रानडे यांनी बाळूंचा जाहीर गौरव केला, हेही येथे नमूद केले पाहिजे. आमचे भांडण कोणा एका जातीत जन्मलेल्या माणसाशी नाही, माणसाला खालवर लावणाऱ्या वृत्तीशी आहे. परंतु गौरवाची माळ गळ्यात पडली, तरी संघाची सूत्रे हाती आली नाहीत.

पुण्यात प्लेग आल्यावर बाळू मुंबईस गेले व हिंदू जिमखान्यातर्फे खेळू लागले. १९०६ साली हिंदूंनी गोऱ्यांच्या संघास १०९ धावांनी हरविले. त्या विजयी संघात बाळू आणि त्यांचे बंधू शिवराम होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा संघ विलायतेस गेला. तेथे बाळूंनी सर्व सामने धरून ११४ बळी घेतले. त्यांपैकी ७५ प्रथम श्रेणीच्या सामन्यांतले. एवढ्या कामगिरीनंतर हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्याकडे चालून यावे, असे कोणीही सामान्य माणूस म्हणेल. बाळू, शिवराम, गणपत, विठ्ठल हे चौघेही भाऊ हिंदूंच्या संघातून खेळले. पण वर्षामागून वर्षे गेली, तरी कर्णधारपदाने त्या घराचा उंबरठा ओलांडला नाही.

१९१३ साली कर्णधार झालेले एम. डी. पै हे स्वतः गौड सारस्वत ब्राह्मण. त्यांनी उघडपणे सांगितले की हा मान खरे पाहता बाळूंचा होता. हा मोठेपणा पैंच्या मनाचा. पण त्या उद्गारानंतर काय बदलले? सात वर्षे काहीच नाही. बाळू चेंडू टाकीत राहिले, बळी घेत राहिले, आणि दुसरे लोक ‘तू येथे उभा राहा, तू तेथे उभा राहा’ असे सांगत राहिले. खालच्या म्हटलेल्या जातीला हात आहेत, डोके नाही, हीच त्यामागची समजूत. ज्याने फलंदाजाच्या मनातला विचार ओळखून शेकडो माणसे बाद केली, त्याला डोके नाही म्हणणाऱ्यांच्या डोक्याविषयी आम्ही काय बोलावे!

मग १९२० साल उजाडले. त्याच साली मार्च महिन्यात माणगावच्या परिषदेत शाहू महाराज आणि डॉ. आंबेडकर एकत्र आले, आणि मे महिन्यात आमच्या जवळच्या नागपुरात महाराजांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यांची मोठी परिषद भरली. वारे बदलत होते. त्या वर्षीच्या मुंबईच्या चौरंगी सामन्यांत मात्र हिंदू संघातून बाळूंचे नाव गळाले. पै आजारी असल्यामुळे कर्णधाराची जागा रिकामी होती. बंधू विठ्ठल हे ज्येष्ठ आणि नामांकित फलंदाज. पण ती जागा पुण्याच्या देवधरांस मिळाली. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी संघातून अंग काढून घेतले आणि वर्तमानपत्रांतून आपली कैफियत लोकांपुढे ठेवली. जातीमुळे आम्हांस डावलले जाते, हे त्यांनी स्पष्ट मांडले. शहरात चर्चा उसळली. परिणाम काय झाला तो पाहा. त्याच स्पर्धेच्या पुढच्या सामन्यास भावांना परत बोलवावे लागले, बाळूंस उपकर्णधार करावे लागले, आणि पै काही वेळ मैदानाबाहेर गेल्यामुळे बाळूंनी हिंदू संघाचे नेतृत्व केले. १९२३ साली विठ्ठल पालवणकर रीतसर कर्णधार झाले. हिंदूंनी गोऱ्यांस हरविले आणि लोकांनी विठ्ठलांस खांद्यावर घेतले.

वाचकहो, या हकिगतीतले मर्म येथे आहे. सात वर्षांच्या स्तुतीने जे झाले नाही, ते दोन भावांनी खेळावयाचे नाकारताच त्याच स्पर्धेत झाले. ज्यांस आमच्या घामाची गरज आहे, ते आमच्या घामाचे कौतुक फुकट करतात, कारण कौतुकास खर्च येत नाही. तो घाम मिळेनासा झाला म्हणजे मग ते हिशेब करू लागतात.

हा रोग केवळ हिंदुस्थानचा नव्हे. अमेरिकेत काळ्या माणसास गुलाम करून कापसाच्या शेतावर राबविले गेले, आणि गुलामगिरी कायद्याने गेल्यावरही वर्णाची रेघ राहिली. तेथे मुष्टियुद्धाचा, म्हणजे ठोशांच्या कुस्तीचा, मोठा मान. पीटर जॅक्सन नावाचा काळा मल्ल १८९१ साली सॅन फ्रान्सिस्कोत कॉर्बेट या गोऱ्या मल्लाशी ६१ फेऱ्या लढला आणि झुंज निकालाविनाच थांबविली गेली. पण अजिंक्य मल्ल सलिव्हन याच्याशी लढण्याची संधी पुढल्या वर्षी एकट्या कॉर्बेटला मिळाली. त्याने सलिव्हनला हरवून पद घेतले. जॅक्सनशी लढण्यास सलिव्हन तयारच झाला नाही. काळ्यांनी आपापसात लढावे आणि ‘काळ्यांचे अजिंक्यपद’ मिरवावे, अशी वेगळी सोय होती. आमच्या गावात वेगळा पाणवठा असे, त्याचीच ही अमेरिकन तऱ्हा.

जॅक जॉन्सन हा काळा मल्ल अजिंक्य गोऱ्या बर्न्सचा देशोदेशी पिच्छा पुरवीत राहिला, आणि १९०८ साली ऑस्ट्रेलियात सिडनीस त्याला हरवून त्याने ती रेघ मोडली. १९१५ साली तो हरला, आणि गोऱ्यांनी दार पुन्हा लावून घेतले. हॅरी विल्स हा कसलेला मल्ल डेम्प्सीशी लढत मागून मागून थकला. त्याला ती शेवटपर्यंत मिळाली नाही. बावीस वर्षे एकाही काळ्या मल्लास त्या पदासाठी लढू दिले नाही. १९३७ साली अलाबामात बटईने शेती करणाऱ्याच्या घरात जन्मलेल्या जो लुईने ते पद पुन्हा जिंकले.

पण या कथेत एक कडू घासही आहे, आणि तो आम्ही वाचकांपासून लपविणार नाही. जॉन्सन सहा वर्षांहून अधिक काळ अजिंक्य होता. तेवढ्या काळात सॅम लँगफर्ड हा नावाजलेला काळा मल्ल त्याच्याकडे लढत मागत राहिला. जॉन्सनने ती दिली नाही. स्वतः जे दार ठोठावले, तेच आत गेल्यावर त्याने दुसऱ्यासाठी बंद ठेवले. सासू झाली की सूनपण विसरते, ही म्हण अमेरिकेतही खरी ठरली.

आता आपल्या वाशीम जिल्ह्याकडे वळू. ब्राह्मणाने आम्हांस शूद्र म्हटले म्हणून आम्ही शंभर वर्षांहून अधिक काळ ओरडत आलो, आणि ते योग्यच केले. पण पोळ्याच्या दिवशी आखरावर काय दिसते? तोरणाखालून पहिली जोडी कोणाची? ज्याच्या बैलांनी जास्त रान नांगरले त्याची की ज्याच्या वाड्याला जुना मान आहे त्याची? पुढे डफडे वाजविणारा मातंग बांधव असतो, त्याच्या वाजविण्याशिवाय मिरवणूक निघत नाही. पण त्याला चहा द्यावयाचा झाला म्हणजे कोनाड्यातली वेगळी बशी निघते, अशी घरे अजून आहेत. चर्मकाराने बनविलेली वादी बैलाच्या गळ्यात चालते, सुताराचे औत रानात चालते. पण ग्रामसभेत त्यांनी तोंड उघडले की लोक हसतात. गावच्या कबड्डीच्या संघात पकड करणारा मजबूत गडी मजुराचा असतो आणि कर्णधार बागायतदाराचा मुलगा. आम्ही कुणबी, माळी, मराठे म्हणविणारेच येथे बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात चहा देत आहोत, हे ज्याला टोचत नाही त्याने जोतीरावांचे नाव घेऊ नये. जोतीरावांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला होता. शाहू महाराज कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात जाऊन चहा पीत. त्यांनी निबंधाच्या जोडीला स्वतःचे पाणी आणि स्वतःचा पेला पुढे केला.

कोणी म्हणेल, ‘बाळू पुढे काँग्रेसतर्फे डॉ. आंबेडकरांच्याच विरुद्ध उभे राहिले, मग त्यांचा कैवार कशाला?’ होय, १९३७ साली मुंबईत तसे झाले. बाबासाहेबांस १३,२४५ मते पडली, बाळूंस ११,२२५. बाळूंचे ते राजकारण आम्हांस पटत नाही. परंतु ज्या मुंबईत त्यांस अकरा गड्यांचा कर्णधार करणे जड गेले, त्याच मुंबईत बाबासाहेबांविरुद्ध उभे करावयास त्यांचे नाव बरे उपयोगी पडले, हेही विसरता येत नाही. आणि न्याय हा ज्याचे राजकारण आपल्याला पटते त्याच्यापुरता नसतो.

तेव्हा आमचे सांगणे थोडके आहे. पोळ्याचा पहिला मान यंदापासून पाळीपाळीने द्यावा, आणि त्या पाळीत बलुतेदारांची घरे असावी. ज्याच्या घरी बैल नाही, त्याच्या हातून तोरण बांधवून घ्यावे. शाळेत आणि गावात संघाचा कर्णधार निवडताना कारण सर्वांसमक्ष सांगावे. जे कारण मोठ्याने सांगता येत नाही, ते कारण खोटे. घरातली वेगळी बशी काढून टाकावी.

आणि एवढे करूनही जेथे मान नाकारला जाईल, तेथे डावललेल्या गड्याने विठ्ठल-शिवरामांचा मार्ग धरावा: खेळावयाचे थांबावे, डफडे खाली ठेवावे, आणि कारण चारचौघांत सांगावे. मात्र त्या वेळी त्याची रिकामी जागा भरावयास दुसऱ्या कष्टकऱ्याने धावू नये. दोघे भाऊ संघाबाहेर पडले, त्यात त्यांचे बळ होते. एक बाहेर पडता आणि दुसरा त्याच्या जागी उभा राहता, तर १९२० साल कोणाच्या लक्षात राहिले नसते. या पोळ्यास आपल्या गावात पहिली जोडी कोणाची निघाली आणि का निघाली, ते वाचकांनी आम्हांस अवश्य लिहून कळवावे. आम्ही ते छापू.