तार सोडता येते, झरा सोडता येत नाही

 

वस्तीवर खांब नाही म्हणून हल्ली बघायला बरीच माणसं येतात. काही आमच्या मंडळीतली, काही मोबाईलवर व्हिडिओ बघून 'ऑफ-ग्रिड'चं वेड घेतलेली तरुण पोरं. प्लेटा किती, बॅटरी कुठली, गोबरगॅसला खर्च किती, सगळं विचारतात. सांगतो. पण जाताना दोन वाक्यं ठरलेली असतात. पोरं म्हणतात, "बरंय काका, तुम्ही कुणावर अवलंबून नाही." मंडळीतले म्हणतात, "प्रभूनं तुम्हाला जगापासून वेगळं काढून ठेवलंय." मला ही दोन्ही वाक्यं पटत नाहीत. का, ते लिहितो. जरा लांबेल.

आधी हिशोब, म्हणजे बोलणं हवेत राहायला नको. घराचं पत्र्याचं छप्पर ६० चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमच्या दुष्काळी पट्ट्यात ५०० मिलिमीटर धरा. झाले ३० हजार लिटर. पहिले एक-दोन पाऊस छप्पर धुवायला सोडायचे, थोडं उडतं, थोडं सांडतं; हाती २४ हजार. घरात पाच माणसं, माणशी रोज ४० लिटर, म्हणजे रोज २००. १२० दिवस पुरतं. फेब्रुवारीच्या मध्याला टाकी उघडली की जूनच्या मध्यापर्यंत. त्याआधी विहीर.

विजेचं तसंच. १५० एएचची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. पण लेड-ॲसिड बॅटरी रोज निम्म्याच्या खाली उतरवली की ती लवकर मरते. म्हणून आपले ९०० समजायचे. चार एलईडी, दोन बीएलडीसी पंखे आणि मोबाईल मिळून रात्रीला साधारण साडेसहाशे-सातशे लागतात. श्रावणात दोन दिवस आभाळ गच्च राहिलं की पंखा एकच, आणि तो म्हातारीच्या खाटेवर.

निर्गमच्या सोळाव्या अध्यायातली मान्नाची गोष्ट मला इथं कळली. लहानपणी शब्बाथ शाळेत ती चमत्कार म्हणून ऐकली होती. आता वाचली तर ती मापाची गोष्ट वाटते. माणशी एक माप, रोजच्या रोज. सहाव्या दिवशी दुप्पट, कारण सातव्या दिवशी वेचायचं नाही. हावरटपणानं जास्त ठेवलं त्याला किडे पडले. साठवूच नको असं ती गोष्ट सांगत नाही, सहाव्या दिवशी साठवायला लावतेच की. कशासाठी आणि किती, एवढंच ती विचारते. आमच्यातले काही भाऊ "देव पुरवील" म्हणत बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर टाकत नाहीत. त्यांनी मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायातल्या, दिव्यांत तेल न घेता निघालेल्या पाच कुमारी आठवाव्यात.

इथपर्यंत सगळे माना डोलावतात. पुढचं जरा बोचेल.

साठवण म्हटली की आमच्या व्यासपीठावरून योसेफ हमखास येतो. सुकाळाच्या सात वर्षांत पाचवा हिस्सा बाजूला काढला, म्हणून दुष्काळाच्या सात वर्षांत देश तगला. उत्पत्तीचा ४१ वा अध्याय. ४७ व्या अध्यायावर उपदेश मी फारसे ऐकले नाहीत. त्यात त्याच धान्यासाठी लोकांनी आधी पैसा दिला, मग जनावरं, मग जमिनी, आणि शेवटी स्वतःला फारोचं गुलाम करून घेतलं. कोठार तेच. जीव वाचवणारं तेच आणि शेजाऱ्याला मिंधं करणारंही तेच.

आता आपल्या शिवारातलं कोठार बघा. शेततळं. 'मागेल त्याला शेततळे' योजना २०१६ साली आली. मूळ कल्पना वाहून जाणारं पावसाचं पाणी अडवायची. पण प्लास्टिक अंथरलेली किती शेततळी नुसत्या ओघळाच्या पाण्यानं भरतात, हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. हिवाळ्यात विहिरीचं आणि बोअरचं पाणी उपसून ती भरतात. जमिनीखालच्या पाण्यावर ऊन पडत नाही. ते वर आणून उघड्यावर ठेवलं की एप्रिल-मे मध्ये रोज आठेक मिलिमीटर उडतं. २० बाय २० मीटरच्या तळ्यातून रोज ३२०० लिटर. माझ्या घराचं सोळा दिवसांचं पाणी एका दिवसात वाफ होऊन जातं. मान्नाला पडलेले किडे म्हणतात ते हेच, फक्त डोळ्यांना दिसत नाहीत. आणि प्लास्टिकमुळे खाली एक थेंब मुरत नाही. एकाचं तळं काठोकाठ, खालच्या अंगाच्या माणसाची विहीर कोरडी. तो मग त्याच्याकडूनच टँकर घेणार. सत्तेचाळिसावा अध्याय.

तळी करणाऱ्यांना मी पापी ठरवत नाही. डाळिंबावर कर्ज असलं की मे महिन्यात माणूस काय करील ते मलाही कळतं. पण 'स्वयंपूर्ण' हा शब्द वापरताना जीभ अडखळली पाहिजे.

सोलर पंपानं यात नवीनच पेच आणलाय. मागेल त्याला सौर कृषी पंप. सर्वसाधारण शेतकऱ्याला दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला पाच टक्के हिस्सा भरायचा. अडीच एकरापर्यंत तीन एचपी. चांगली गोष्ट आहे. रात्री-बेरात्री दारं धरायला जाणं सुटलं, इंचू-काट्याची भीती गेली. पण एकदा पंप बसला की पुढचा प्रत्येक लिटर फुकट. ऊन आहे तोवर चालू. लोडशेडिंगला आपण आयुष्यभर शिव्या दिल्या, पण खरं सांगू का, तो विहिरीचा शब्बाथ होता. तेवढ्या वेळात झरे पाणी भरून काढायचे. आता विश्रांती द्यायची तर ती आपल्यालाच द्यावी लागेल. आज्ञेत विश्रांती मालकासोबत चाकराला आणि जनावरालाही सांगितली आहे, आणि सातव्या वर्षी जमिनीलाही. पाण्याला का नको? आमचा पंप रविवारी बंद असतो. इतर दिवशी चार तास. सोमवारी सकाळी विहिरीत दोरी सोडली की फरक हाताला लागतो.

यावरून घरात वाद आहे, तो अजून मिटलेला नाही. थोरल्याला डाळिंब लावायचंय आणि त्यासाठी ५०० फुटांचं बोअर घ्यायचंय. त्याचं म्हणणं, रान आपलं, प्लेटा आपल्या, मग पाणी कुणाचं? मी म्हणतो, आपल्याकडं काळा पाषाण. पाणी असतं ते वरच्या मुरमात, मांजऱ्यात आणि खडकाच्या भेगांत. ती भेग सातबारा बघून थांबत नाही. खोल बोअर मारलं की वरच्या विहिरींचं पाणी त्या भोकानं खाली उतरतं. उगाच नाही २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरच्या पुढची विहीर 'खोल' धरून तिच्यावर बंधन घातलेलं. ५०० फूट म्हणजे १५० मीटर. त्यावर त्याचा प्रश्न असा की, "आपण थांबलो म्हणून शेजारी थांबणार आहे का? तो ओढून घेईल." हा प्रश्न मला खोडता येत नाही. एकट्यानं थांबून झरा वाचत नाही, त्याचं हे बरोबर आहे.

म्हणूनच पहिल्या दोन वाक्यांशी माझं भांडण आहे. महावितरणची तार सोडता येते. जमिनीखालचं जाळं सोडता येत नाही. त्याला प्रत्येक विहीर जोडलेली आहे, मीटर मात्र कुणालाच नाही. वस्ती कितीही आडरानात बांधा, आपण त्या जाळ्यावरच असतो. प्रभूनं शिकवलेल्या प्रार्थनेतही रोजच्या भाकरीची मागणी एकट्यासाठी नाही, सगळ्यांसाठी आहे. जगापासून वेगळं काढल्याचा आनंद मानणाऱ्यांनी ती प्रार्थना एकदा सावकाश म्हणून बघावी.

थोरल्याच्या प्रश्नावर मला उत्पत्तीचा २६ वा अध्याय सापडला. इसहाक बापाच्या वेळच्या, पलिष्ट्यांनी बुजवलेल्या विहिरी पुन्हा खणतो. नवीन विहिरीला पाणी लागलं की गरारचे गुराखी भांडायला येतात. एक विहीर सोडली, दुसरी सोडली, तिसरीला भांडण झालं नाही. उपदेशात आपल्याला सांगतात, इसहाकासारखं सोडून द्या. बरं. पण इसहाकाकडं पुढं सरकायला रान होतं. अडीच एकरवाल्यानं कुठं सरकायचं? त्या अध्यायाचा शेवट जास्त कामाचा आहे. अबीमलेख राजा, ज्याच्या माणसांशी हे सगळं झालं, तो स्वतः येतो. एकत्र जेवण होतं, सकाळी दोघं शपथेनं करार करतात. आणि त्याच दिवशी चाकर येऊन सांगतात, पाणी लागलं.

करारानं पाणी टिकतं हे आपल्या जिल्ह्याला नवीन नाही. स्वित्झर्लंडहून आलेले जेझुइट फादर हर्मन बाखर इथं पाणलोटाचं काम करत राहिले. १९९३ साली त्यांनी फादर क्रिस्पिनो लोबोंसोबत 'वॉटर' संस्था उभी केली. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीचं काम त्याच संस्थेचं. माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर खणायचे, श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी. यातलं काहीच एका माणसाला आपल्या बांधाच्या आत करता येत नाही. एकाची शेळी डोंगरावर गेली की सगळ्यांची बंदी मोडली. आणि हिवरे बाजार तर आपल्या डोळ्यांसमोर आहे. शेतीसाठी बोअर नाही, उसाला आवर, वर्षाच्या पाण्याचा ताळेबंद मांडून मग पीक ठरवायचं. मान्नाचा अध्याय आम्ही उपासनेत वाचतो, त्यांनी तो ग्रामसभेत करून दाखवला. आमच्या मंडळीतल्या लोकांनी तिथं सहल काढून फोटो काढण्यापेक्षा त्यांची वही बघावी.

कृषी विभागातल्या आणि विद्यापीठातल्या वाचकांना एक विनंती. वस्तीवर येता तेव्हा प्लेटांचे वॅट विचारताच, सोबत विहिरीची पातळीही विचारत जा. सोलरच्या प्रत्येक प्रात्यक्षिकात ती मोजायची दोरी असू द्या.

आमच्या ओढ्याच्या दोन्ही अंगांना मिळून सहा विहिरी आहेत. तीन घरं आमच्या मंडळीची, दोन मराठ्यांची, एक धनगराचं. येत्या रविवारी उपासना उरकली की दुपारी चारला सहाही विहिरींत दोरी सोडायची ठरलंय. दोरी, खाली बांधायला दगड आणि एक वही. पातळी लिहायची आणि दर पंधरा दिवसांनी पुन्हा. पंप किती तास चालवायचे हे आकडे हाती आल्यावर बसून बोलू. सहापैकी चार जण हो म्हणालेत. एकानं अजून सांगितलेलं नाही. सहावी विहीर आमची, आणि थोरला म्हणतो वही तो धरणार, बाकीचं नंतर बघू.

चहा वस्तीवर आहे, गोबरगॅसवरचा. थंडी वाढल्यापासून गॅस कमी पडतोय, तेव्हा उशीर लागला तर बसून राहा.